पहाडवालीच्या ओटीतली पोर

ती केस अजून अंगावर येती माझ्या. पोलिसात साडेचार वर्षं काढली मी, महिला शिपाई म्हणून. आता नोकरी सोडली तरी माणसं म्हणतात एखादी केस सांगा की, आन् तोंड उघडलं की हीच येती, दुसरी येतच न्हाई. मी काय लिहिणारी न्हाई. बारावी दुसऱ्या झटक्यात काढली आन् भरतीच्या मैदानावर जीव खाऊन पळाले म्हणून लागले. तवा बोलते तसंच सांगते. नाव कुणाचंच घ्यायचं न्हाई, फक्त त्या पोरीला घरात काय हाक मारायचे तेवढं सांगते, कारण त्याच्याबिगर ही केस कळायचीच न्हाई. भिकी म्हणायचे तिला.

तवा माझं पोरगं नऊ महिन्यांचं व्हतं. भोसरीत आमची खोली, पोरगं सासूबाईंकडं, आन् मी रजा संपवून नुकतीच हजर झालेली. अर्धं मन ड्युटीवर, अर्धं पाळण्याला बांधलेलं. त्याच दिवसांत एक बाई ठाण्यात आली. अंगात कंपनीचा निळा ड्रेस, गळ्यात आयकार्ड, पायात एकच चप्पल. ठाणे अंमलदारांच्या टेबलाला धरून उभी राहिली आन् म्हणली, "माझं लेकरू नेलं वो, शेजारणीनं नेलं."

लातूरकडची ती. चाकणच्या अलीकडं पत्र्याच्या खोल्या हायेत, दहा खोल्यांची ओळ, त्यात ऱ्हायची. नवरा ट्रेलरवर, आठ-आठ दिवस गायब. सासू एका कंपनीत हाउसकीपिंगला. ही स्वतः लाइनवर, फर्स्ट शिफ्ट. मग पोरीला सांभाळायची शेजारची पहाडवाली. तिचं खरं नाव खोल्यांत कुणी घ्यायचंच न्हाई, पहाडातनं आली म्हणून पहाडवाली. नवरा प्रेस शॉपला हेल्पर, मूलबाळ न्हाई. त्या दिवशी ही शिफ्टवरनं आली तर पहाडवालीच्या खोलीला कुलूप. मालकानं कुलूप काढलं तर आत केरसुणी आन् रिकामी बादली.

सायबांनी, म्हणजे आमच्या उपनिरीक्षकांनी, फिर्याद लिहून घ्यायला घेतली.

"मुलीचं नाव?"

"भिकी."

"ते हाक मारायचं. खरं नाव सांगा."

"खरं अजून ठेवलं न्हाई."

तेरा महिन्यांची पोर आन् बारसं न्हाई. सायबांनी मान वर केली, परत खाली घातली, 'उर्फ भिकी' लिहिलं आन् पुढं गेले. मी शेजारीच उभी, मीबी इचारलं न्हाई. घाई व्हती. लेकरू गेलं की पहिल्या तासांत सगळ्या स्टेशनांना, स्टँडांना फोटो पाठवायचा असतो, त्यात नावाचं कोण बघतंय. म्हातारी सासू बाकावर बसून पदराचा पीळ घालत व्हती आन् सोडत व्हती. आमचे हवालदार, पन्नाशीचे, चेष्टेखोर पण नजर बारीक, मला हळूच म्हणले, "म्हातारीच्या घशात काय तरी अडकलंय बघ."

"नात गेलीय तिची," सायेब म्हणले. "दुसरं काय अडकणार?"

कासारवाडी स्टेशनाच्या कॅमेऱ्यात दोघं दिसले. पत्र्याची पेटी नवऱ्याच्या डोक्यावर, पोर तिच्या काखेत. लोकलमधी चढले आन् तिथनं पुढं काय न्हाई. फोन बंद. आधारकार्डावर गावाचा पत्ता हाय म्हणावं तर खोलीमालकानं झेरॉक्सच घेतली नव्हती. कंपनीनं सांगितलं, कॉन्ट्रॅक्टवाला, त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरनं कमी केला, कागद ठेकेदाराकडं. ठेकेदार फोन उचलंना. ती आई रोज शिफ्ट सुटली की ठाण्यात यायची, बाकावर बसायची, कुणाला काय इचारायची न्हाई. मी डबा पुढं केला तर म्हणायची, "तुमी खावा, तुमी पाजती बाई हाय."

खबर आणली हवालदारांनी. एका कंपनीच्या कँटीनला त्याच दरीतला आचारी व्हता. हवालदार तिथं रोज चहाला जाऊन बसायचे, केसचं नाव काढायचे न्हाईत, नुसतं त्याच्या गावाची स्तुती. पाचव्या दिवशी त्या आचाऱ्यानं आपण होऊन मोबाइल पुढं केला, "देखो साहब, हमारे गाँव का स्टेटस. पड़ोस में बेटी आई है, पूरे गाँव को खिलाया." फोटोत लोकरीची टोपी घातलेली पोर. हवालदारांनी फोटो मागून घेतला आन् आईला दाखवला. तिनं मोबाइल हिसकून काचेचाच मुका घेतला. आमी तिघंबी दुसरीकडं बघायला लागलो.

उत्तराखंडातला जिल्हा. बाईला आणायचं म्हणजे महिला शिपाई पायजे, आन् आमच्या ठाण्यात त्या आठवड्यात मी एकटीच. मी सायबांना म्हणलं, "सर, माझं बाळ अंगावर पितं." सायबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणले, "मला माहितीये. दुसरं कुणी असतं तर तुला सांगितलं नसतं." घरी सांगितलं तर सासूबाई म्हणल्या, "जा. तिचंबी लेकरूच हाय." आन् मी पिशवी भरताना पोराकडं बघितलंच न्हाई, बघितलं असतं तर गेलेच नसते.

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं बस, मग जीप. मी कधी लोणावळ्याच्या पुढचा डोंगर बघितला नव्हता. इथं एका अंगाला कडा आन् दुसऱ्या अंगाला दरी, खाली नदी पांढरी फेसाळती, आन् ड्रायव्हर एका हातानं चालवतोय. मी डोळे मिटून बसले. छाती दगडासारखी झालेली, ताप भरलेला, जिथं जीप थांबंल तिथं आडोश्याला जाऊन दूध पिळून टाकायचं. माझ्या लेकराचं दूध मी त्या दगडांत टाकत व्हते. हवालदार जीपमधनं मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, "सर, पोलीस भरतीत पळायला लावतात, खरं म्हणजे ह्या जीपमधी बसवायला पायजे. जो वकला न्हाई तो पास." सायेब हसायचे. मी आले की दोघंबी मला काय इचारायचे न्हाईत, नुसती पाण्याची बाटली पुढं. त्या दोघांचे उपकार मी विसरायची न्हाई.

शेवटच्या गावाआधी दरड पडलेली. तिथल्या चौकीत नोंद केली, तिथला एक जमादार आन् एक लेडीज कॉन्स्टेबल संगती घेतली आन् चालत निघालो. पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, दगडी पाट्यांची छपरं. माणसं चांगली, वाटंत तीन घरांनी चहा दिला. पण एक बघितलं मी. काय इचारलं की आधी एकमेकांकडं बघायची आन् मग उत्तर. सगळ्या गावाला ठाऊक व्हतं आमी कशासाठी आलोय.

पहाडवाली अंगणात उन्हाला बसली व्हती, पायावर पोर, तेल लावत व्हती. आपल्याकडं लावतात तसंच, पाय लांब करून. चाकणातच शिकलेली. खाकी बघून माणूस उठतो, पळतो, न्हाईतर हात तरी थांबतो. हिनं पोरीचा एक पाय चोळून पुरा केला, मग दुसरा केला, मग म्हणली, "बैठिए."

सायबांनी इचारलं, "बच्ची किसकी है?"

"मेरी."

"कागद?"

आत गेली आन् लसीचं कार्ड घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेलं. त्यावर आईचं नाव कुणाचं, तर लातूरवालीचं. आमाला पुरावा हवा व्हता, तो तिनं स्वतःच्या हातानं दिला.

सायेब कार्ड उलटसुलट करत मला मराठीत म्हणले, "चोरणारा माणूस हे कार्ड पहिलं फाडतो. हिनं पेटीत जपलंय. काहीतरी चुकतंय आपलं."

तवर अंगणात गाव गोळा झालेलं. प्रधान, म्हणजे तिथले सरपंच, म्हणाले, नामकरण झालंय, पंगत बसलीय, बच्ची बिरादरीची हाय, अशी कशी नेता. बाया पहाडवालीच्या भोवती कडं करून बसल्या. नवरा खांबाला टेकून, खाली मान. तिथला जमादार सायबांच्या कानात म्हणाला, "ज़बरदस्ती मत कीजिए साहब, रास्ता एक ही है." आमी पाच जण, आन् खाली नदी. आन् चाकणात ती बाई बाकावर बसलीय, हे सारखं डोळ्यापुढं. इथनं मोकळ्या हातानं गेलो तर तिला काय सांगायचं?

पोर तेवढ्यात रांगत माझ्याकडं आली. दुधाचा वास आला आसंल. मी म्हणलं, "ये भिकी." पहाडवाली चमकली. म्हणली, "ये नाम अब मत लो. वो तो सास ने रखा था, नज़र के लिए. जिस दिन मेरी झोली में डाली."

"झोली में?"

"पाँचवें दिन. सब औरतें थीं. सास बोली, ये हमारी नहीं, तेरी है."

मी तिथल्या तिथं उभी राहिले. माझ्या आईचा चुलता कोंडीबा. त्याच्या आधीची तीन पोरं गेलेली, म्हणून ह्याला पाचवीला घोंगडीवाल्या धनगरणीच्या ओटीत घातला आन् पसाभर कोंडा देऊन परत घेतला. म्हणून कोंडीबा. सटवाईला वाटावं, हे लेकरू ह्या घरचं न्हाईच. आमच्याकडं जुन्या पिढीत अशा नावाची किती माणसं, दगडू, केरू, भिकू, त्यांना उगंच का अशी नावं ठेवली व्हती? आन् मी ठाण्यात 'उर्फ भिकी' ऐकलं तवा माझ्या डोक्यात दिवा लागला न्हाई. वर्दी घातली की गावचं सगळं इसरतंय माणूस.

सायबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणले, "खात्री कर." फोनला रेंज वरच्या वळणावरच. तापातच चढून गेले. चाकणच्या म्हातारीला लावला.

"आजी, सुनेची आधीची किती गेली?"

"पोर सापडली का माय?"

"आजी, पोर ओटीत घातली व्हती का न्हाई?"

मग रडायलाच लागली. "दोन गेली माय. एक पोरगं, एक पोरगी. जितकं लांबचं माणूस तितकं बरं म्हणून मीच पहाडवालीला बसविलं. वर्षाची होईस्तवर तुझीच म्हणलं."

"मग वर्ष झाल्यावर परत का घेतली न्हाई?"

"ताप आलता तिला. म्हणलं अजून सव्वा महिना जाऊ द्या. सटवाईचा डोळा चुकू द्या."

"आन् हे ठाण्यात का सांगितलं न्हाई?"

"सुनेलाबी मीच बोलू दिलं न्हाई. सांगितलं असतं तर शोधलं असतं का तुमी? म्हणला असता, दिली तर दिली."

मला तिच्यावर लई राग आला, पण तिचं खोटं नव्हतं.

खाली येऊन मी पहाडवालीपुढं बसले. सायेब म्हणले, तूच बोल. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, हा आमचा रिवाज हाय, देतात आन् परत घेतात, लेकरू जगावं म्हणून देतात. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "साल भर बोला था. साल पूरा हुआ. मैं रोज़ देखती थी, आज आएँगे लेने. कोई नहीं आया. दीदी, टीका मैंने लगवाया. दाँत मेरे घर में निकला. फिर इनका काम छूटा, तो मैं किसको पूछती?"

"आईला इचारायचं."

तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणली, "पूछती तो ले लेती."

तिला काय कळलं नव्हतं, असं मी म्हणणार न्हाई. अर्धं कळलं व्हतं. अर्धं तिनं कळू दिलं न्हाई. चौकशीत असली माणसं लई भेटतात, खोटंबी बोलत न्हाईत आन् खरं शेवटपर्यंत नेतबी न्हाईत.

कडं करून बसलेल्या बायांतली एक म्हातारी उठली. तिनं पहाडवालीला त्यांच्या बोलीत काय तरी इचारलं, हिनं नुसती मान हलवली. म्हातारी आमच्याकडं वळून म्हणली, "जिसने बचाने के लिए दी, उसकी है." आन् बाजूला झाली. मग एकेक करून सगळ्या झाल्या. आमची ताकद तिथं काय चालली नसती, त्या म्हातारीनं वाट दिली.

अटक करावीच लागली, गुन्हा दाखल व्हता. तिला इकडं आणायला तिथल्या कोर्टातनं ट्रान्झिट रिमांड घेतला. नवऱ्याला नोटीस दिली. परतीच्या वाटंत पोर दुसऱ्या कुणाकडं जाईना, माझ्याकडं आली तरी पाच मिनिटं, मग तिच्यासाठी किंचाळायची. सायेब म्हणले, "राहू दे तिच्याकडेच. लेकराला कुठे कलम कळतंय." असे आलो. आरोपीच्या मांडीवर लेकरू, लेकराच्या डोक्यावर हवालदारांची टोपी. हवालदार म्हणायचे, "काय रुबाब हाय राव, पीएसआय सायेब तुमी सरका जरा."

पोचलो त्याच दिवशी बालकल्याण समितीनं पोर आईच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. ताबा द्यायचा आमच्या ठाण्यात, महिला कक्षात. आई आली, सासू आली. आईनं हात पसरले, आन् पोरीनं तोंड फिरवून पहाडवालीच्या मानेत घातलं. ती आई मागं सरली, भिंतीला टेकली. तिचं तोंड मी अजून इसरले न्हाई.

म्हातारी सासू पुढं झाली, पदराची गाठ सोडून म्हणली, "घे माय, घे. लेकरू दे." ज्वारी व्हती पदरात. पहाडवालीनं हात पुढं केला न्हाई. म्हणली, "ऐसे नहीं. जैसे दी थी वैसे लो." आन् खाली फरशीवर बसली, शाल मांडीवर पसरली. आईला कळलं. ती समोर बसली, पसाभर ज्वारी उचलली आन् शालीत घातली. ज्वारीचा आवाज झाला तेवढाच. मग पहाडवालीनं पोरीची बोटं मानेवरनं एकेक करून सोडवली, तिच्या आईच्या मांडीवर ठेवली आन् भिंतीकडं तोंड करून बसली. पोर इतकी रडली की बाहेर पासपोर्टच्या चौकशीला बसलेले लोक उठून बघायला लागले. आईबी रडती, पण सोडंना. घट्ट धरून बसली, थोपटत ऱ्हायली.

हवालदार ताबा पावती लिहीत व्हते, पेन थांबवून म्हणले, "सर, हे काय म्हणून लिहू?"

"पावतीत लिहू नका. जबाबात मात्र सगळं लिहा," सायेब म्हणले. "ओटीत घातल्यापासून. म्हातारीचाही जबाब घ्या. कोर्टाला कळू दे नेमकं काय झालं."

कोठडीत घालायच्या आधी अंगझडती घ्यायची माझ्याकडं. कंगवा एक, केसांची पिन दोन, मोबाइल एक. शालीच्या टोकाला गाठ. मी यादीत लिहिलं, ज्वारी, अंदाजे एक पसा.

त्या दिवशी घरी गेले तर माझं पोरगंबी मला बघून सासूबाईंच्या खांद्यामागं लपलं. सासूबाई हसल्या. मी न्हाई हसले. नोकरी मी पुढं वर्षभरानं सोडली, लोक म्हणतात भ्याली, तर व्हय, भ्याले, त्यात लाज कसली. पण त्या केसनं एक शिकवलं ते सांगते. आमाला ट्रेनिंगला शिकवलं, खोटं बोलणारा ओळखा. लाजून-भिऊन गप्प बसलेला कसा ओळखायचा ते कुणी शिकवलं न्हाई. म्हातारी पहिल्याच दिवशी बाकावर बसली व्हती, पदर पिळत. तिच्याजवळ बसून, वही बाजूला ठेवून, आजी नाव असं का ठेवलं एवढं इचारलं असतं, तर दरीपर्यंत जाताना तरी आमाला ठाऊक असतं की आपण चोर पकडायला चाललो न्हाई. आन् अजून एक. जी माणसं आपल्या लेकराला सांभाळतात त्यांना आपण काय देतो, काय बोलतो, कधी परत घेतो, ते नीट बोलावं. लेकराच्या मायेत अर्धवट बोललेलं लई महागात जातं.

पुढं आईनं कोर्टात तिच्या विरोधात बोलायला नाही म्हणलं आन् पहाडवालीला जामीन झाला. सुटताना तिच्या वस्तू परत द्यायला मीच व्हते. कंगवा, पिना, मोबाइल घेतला. ज्वारीची पुडी उघडून बघितली, दोन दाणे बोटावर घेतले.

"हमारे यहाँ ये नहीं होता," ती म्हणली. "इसका क्या बनाते हैं?"

"भाकरी."

"इतने में कितनी?"

मी पुडी तळहातावर तोलली. "एक होईल. लहानशी."

तिनं मान हलवली, पुडी परत बांधली आन् यादीवर सही केली.